तिसऱ्या बेसमागच्या दोन खुर्च्या

पोर्ट अ‍ॅडलर, ओहायो येथे राहणारा, धंद्याने प्लंबर, आता निवृत्त, वय वर्षे सत्त्याहत्तर, मी एमिल जोसेफ हुडाक माझ्या पश्चात काय व्हावे हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी डोक्यावर बसून हे माझ्याकडून लिहवून घेतलेले नाही, कोणी गोड बोलून काही काढून घेतलेले नाही. औषधांची गुंगी न्याहारीपर्यंत उतरते, त्यानंतरच मी लिहायला बसलो आहे. ज्या माणसाने 'हेरन्स', म्हणजे बगळे, या आमच्या गावच्या बेसबॉल संघाच्या हंगामभर राखीव खुर्च्या लग्न झाल्या वर्षी घेतल्या आणि जन्मभर सोडल्या नाहीत, त्याची बुद्धी शाबूत आहे असे कोर्टाला कसे पटवायचे, असे माझ्या वकीलबाई मिस टॅलमन यांनी हसत विचारले. त्या कोलंबसहून इथे आल्या आहेत. त्यांना हसू येणारच.

जून महिन्यात केलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. ते का रद्द केले हे पुढे येईल. वकीलबाईंचे म्हणणे असे की कायद्याचे तेवढे इथे लिहावे आणि मनातले वेगळ्या कागदावर. मी म्हणालो, वेगळा कागद कोणी वाचत नाही. मृत्युपत्र मात्र सगळे कान टवकारून ऐकतात, कारण आपल्या वाट्याला काय आले हे शेवटपर्यंत कळत नसते. वकीलबाईच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करतील.

कलम १. माझ्या देहाविषयी

मला सेंट सिरिलच्या दफनभूमीत व्हिल्माच्या शेजारी पुरावे. व्हिल्मा माझी बायको. तिला जाऊन सहा वर्षे झाली.

शवपेटीवर हेरन्सचा झेंडा घालू नये. आमच्या गावात ही पद्धत पडली आहे: निळा झेंडा, त्यावर एका पायावर उभा बगळा. कितीतरी चांगली माणसे त्या झेंड्याखाली गेलेली मी पाहिली, आणि दर वेळी मनात आले की ज्यांनी जन्मभर छळले त्यांचेच फडके अंगावर घेऊन कशाला जायचे? काही जण आपली राख मैदानावर टाकायला सांगतात. माझ्या आयुष्याची तिथे आधीच पुरेशी माती झाली आहे.

जेवणात कोबीच्या पानांत गुंडाळलेले खिम्याचे रोल असावेत आणि ते व्हिल्माच्या पद्धतीने, म्हणजे टोमॅटोचा डबा न फोडता करावेत. पाद्रीबाबांनी प्रवचनात बेसबॉलचा दाखला देऊ नये. आपण सगळे अखेर घराच्या बेसवर परततो, वगैरे मी पुष्कळ ऐकले आहे. हेरन्सचे खेळाडू परतत नाहीत. ते तिसऱ्या बेसवर येऊन उभे राहतात, आणि इनिंग संपते.

कलम २. हत्यारे

माझे सगळे पाने, पाइप कापायची अवजारे, पाइपला आटे पाडायचे यंत्र आणि जुनी व्हॅन लुपे ओर्तेगा हिला द्यावी. लुपे माझ्या हाताखाली शिकली आणि आता धंदा तिचाच आहे. माझ्यापेक्षा तिचा हात बरा, हे मी तिला कधी सांगितले नाही, ते इथे सांगतो. अट एकच. स्टेडियमच्या स्वच्छतागृहांचे काम तिने सोडू नये. त्या वास्तूत पाणी जिथे जायला पाहिजे तिथे जाते, ही एकच गोष्ट वेळच्या वेळी होते, आणि ती आमच्यामुळे होते.

कलम ३. हेरन्सचे मालक श्री. प्रेस्कॉट व्हेलन

दर हंगामात खुर्च्यांचे नूतनीकरण केले की क्लबकडून एक मफलर येतो. त्यावर 'यंदा आपलीच पाळी' असे विणलेले असते. ते सगळे मफलर माझ्या कपाटात तळाशी आहेत. एकही वापरलेला नाही. ते एका खोक्यात भरून श्री. व्हेलन यांच्या घरी पोचते करावेत, आणि पोचल्याची सही घ्यावी.

या गृहस्थांशी माझा काय दावा आहे तो नोंदवतो. नवा खेळाडू पोरगा आमच्या संघात येतो तेव्हा त्याला धड बॅट धरता येत नाही. आम्ही त्याला सोसतो. त्याचे हुकलेले झेल सोसतो, त्याचा वाईट काळ सोसतो, बाजारात भेटला तर पाठीवर हात ठेवून 'होईल रे' म्हणतो. मग एक दिवस तो पिकतो. चेंडू त्याच्या बॅटवरून असा निघतो की आम्ही सगळे उभे राहतो. आणि त्याच हिवाळ्यात व्हेलनसाहेब त्याला मोठ्या शहराला विकून टाकतात. पुढच्या ऑक्टोबरात आम्ही त्याला दुसऱ्याच्या कपड्यांत टीव्हीवर जिंकताना पाहतो, आणि बारमधला कोणीतरी ग्लास खाली ठेवत म्हणतो, "हा आपल्याकडे होता." पोर्ट अ‍ॅडलरच्या वेशीवर पाटी लावायची झाली तर हेच लिहावे.

हरणाऱ्याचा राग येत नाही. मीही आयुष्यात पुष्कळ वेळा हरलो. राग याचा येतो की त्यांना हरल्याचे काही वाटत नाही. चौदा धावांनी मार खाल्लेल्या दुपारीही सामना संपल्यावर आतषबाजी होते. कशाबद्दल, हे मी एकदा पत्र लिहून विचारले होते. उत्तर आले नाही, त्याऐवजी सॉसेजवर सवलतीचे कूपन आले.

कलम ४. चेस्टर बर्टा

चेस्टर, घरचा चेट, माझा मेहुणा, व्हिल्माचा धाकटा भाऊ. सिटी बसचा निवृत्त चालक. आमच्या समोरच्याच घरात एकटा राहतो. त्याला मी काहीही ठेवत नाही. ते चुकून राहून गेले असे पुढे कोणी म्हणू नये म्हणून त्याला या मृत्युपत्राचा साक्षीदार केले आहे, कारण साक्षीदाराने वाटा घेऊ नये असा नियम आहे. हे कळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मला काही मिळायचं नाही, आणि त्याच्यावर सही पण मीच करायची?"

"हो," मी म्हणालो.

"दाजी, तुमची कमाल आहे," तो म्हणाला, आणि चष्मा शोधायला लागला.

आम्ही एकमेकांशी असे समोरासमोर बोललो ही या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट आहे. त्याआधी पंचवीस वर्षे मी त्याच्याशी बोललेलो नव्हतो. कारण सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, पण ते कागदावर यावे अशी माझी इच्छा आहे.

ऑक्टोबरची दुपार होती. माझ्या हयातीत हेरन्स त्या एकदाच अजिंक्यपदाच्या उंबऱ्याशी पोचले. शेवटची, नववी इनिंग. आम्ही दोन धावांनी पुढे. पाहुण्यांचे दोन बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर एकेक माणूस, आणि समोरच्या फलंदाजाला दोन स्ट्राइक पडलेले. आणखी एक चेंडू हुकला की झाले. आमच्या गावात तान्ह्या पोरालाही कळते की शेवटचा माणूस बाद होईपर्यंत 'जिंकलो' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. रेडिओवरचा निवेदकसुद्धा तो गिळून बसतो. व्हिल्माने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तिथे काळेनिळे झाले. आणि आमच्या मागच्या रांगेत चेस्टर उठला, त्याने मैदानाकडे चक्क पाठ फिरवली, दोन्ही हात पसरले आणि ओरडला, "जिंकलो गं ताई! जिंकलो!"

पुढचा चेंडू पडला. फलंदाजाने बॅट फिरवली, चेंडू हुकला. नियमाने तो बादच. पण फलंदाजामागे बसणाऱ्या आमच्या कॅचरच्या हातमोज्यातून चेंडू निसटला, मागच्या भिंतीकडे गेला, आणि असा चेंडू निसटला की फलंदाजाला पळायची मुभा असते. तो पळाला. तिसऱ्या बेसवरचा माणूस घरी आला. त्याच्यानंतरच्या फलंदाजाने चेंडू थेट कुंपणाला मारला आणि उरलेले दोघे आले. मग आमची पाळी. आमचे तिघे जसे आले तसे परत गेले.

त्या संध्याकाळपासून घरातल्या जेवणाला चेस्टर असला की मी म्हणायचो, "व्हिल्मा, तुझ्या भावाला सांग, मीठ इकडे दे." तो म्हणायचा, "ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्या तोंडात एवढी ताकद असती तर मी जन्मभर बस चालवली असती का?" व्हिल्मा मिठाची बाटली आमच्या दोघांच्या मधोमध आपटायची.

माझे म्हणणे मी मागे घेत नाही. कॅचरचे चुकले हे खरे, पण पाठ चेस्टरने फिरवली. तरी गेल्या पंधरवड्यात जे झाले त्यानंतर त्याच्याविषयी लिहिताना मला जरा जड जाते आहे. म्हणून हे कलम इथेच थांबवतो.

कलम ५. घर आणि बचत

मेपल स्ट्रीटवरचे घर आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझी एकुलती एक मुलगी रोझॅन हुडाक हिला द्यावे. सेंट सिरिलच्या स्वयंपाकघराला नवा बॉयलर लागणार आहे, तो आधी त्यातून घ्यावा. लुपे सांगेल तो घ्यावा, पाद्रीबाबा सांगतील तो नव्हे.

घर रोझॅनने विकावे. ठेवू नये, भाड्याने देऊ नये, 'बाबांची आठवण' म्हणून कुलूप लावून तर मुळीच ठेवू नये. हे घर चांगले आहे, पण ते माणसाला धरून ठेवते. तळघरातला हीटर फक्त माझे ऐकतो, मागच्या दाराला खांदा मारावा लागतो, आणि अशा गोष्टींची सवय झाली की माणसाला वाटते आपण गेलो तर हे घर कोण चालवील. कोणीतरी चालवते.

कलम ६. दोन खुर्च्या

आता मुख्य विषयाकडे येतो. तिसऱ्या बेसच्या मागे, अगदी पहिल्या रांगेत, सेक्शन बारामधल्या शेवटच्या दोन खुर्च्या. खेळाडूच्या शिव्या ऐकू येतात इतक्या जवळ. अशा खुर्च्या आमच्याकडे रक्ताच्या नात्यातच जातात, त्याही मृत्युपत्राने. घटस्फोटात लोक आधी खुर्च्यांवरून भांडतात, मग कुत्र्यावरून. एक खुर्ची माझी, दुसरी व्हिल्माची. ती गेल्यावर तिच्या खुर्चीवर रोझॅन बसायला लागली. मी तिला बोलावले नव्हते. पहिल्या सामन्याला मी फाटकाशी पोचलो तर ती आईचे जाकीट घालून उभी होती.

रोझॅन त्रेचाळीस वर्षांची आहे. आमच्या बंदरात जहाजे ओढणाऱ्या टगबोटीवर कॅप्टनच्या हाताखाली काम करते. तिच्या हाताखाली शिकलेली दोन माणसे आज स्वतः कॅप्टन आहेत. पश्चिम किनाऱ्यावर, बेलिंगहॅमला, फेरीबोटींची एक कंपनी आहे. त्यांनी तिला दोनदा कॅप्टन म्हणून बोलावले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू."

हे शब्द आमच्या गावात सगळे बोलतात. सामना हरला की एकमेकांचा निरोप घेताना आम्ही हेच म्हणतो. पण एक माणूस हरलेल्या संघाबद्दल हे म्हणतो, आणि एक आपल्या आयुष्याबद्दल म्हणायला लागतो, यात फरक आहे. तो फरक मला माझ्याच घरात दिसायला लागला आणि माझी झोप उडाली. मला वाटले, हा खुर्च्यांचा दोष आहे. मी तिला लहानपणापासून वाट बघायला शिकवले. म्हणून जूनमध्ये लिहून टाकले की मी मेल्यावर खुर्च्या क्लबला परत कराव्यात, रोझॅनला देऊ नयेत. तिला ते कळले तेव्हा ती आठवडाभर फुगून होती. मी मनात म्हणालो, फुगू दे. सुटेल तरी.

मग ऑगस्टमधला तो रविवार आला. उन्हाने खुर्च्या तापल्या होत्या. सहावी इनिंग, तिन्ही बेसवर आमची माणसे, बाद एकही नाही. एखाद्या चर्चच्या संघानेही यातून दोन धावा काढल्या असत्या. पहिल्या फलंदाजाने आपल्याच डोक्यावर चेंडू उडवला. झेल. बाद.

मी उभा राहून ओरडायला लागलो.

"बाबा, खाली बस. डॉक्टर काय म्हणाल्या?"

डॉक्टर म्हणाल्या होत्या की हृदय थकले आहे, पुढच्या एप्रिलमधला हंगामाचा पहिला सामना बघायला मिळेल याची खात्री नाही. आमच्याकडे डॉक्टरही दिवस असेच मोजतात.

"डॉक्टरांना बोलाव इथे! बघू देत त्यांना. तिन्ही बेस भरलेत, रोझॅन! माझी आजी असती तरी एक धाव काढली असती."

"तुझी आजी काठी घेऊन चालायची."

"त्या काठीने काढली असती."

दुसऱ्या फलंदाजाने सणसणीत चेंडू मारला, थेट दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या त्यांच्या शॉर्टस्टॉपच्या हातात. आणि आमचा दुसऱ्या बेसवरचा शहाणा झेल झाला की नाही हे न बघताच तिसऱ्याकडे पळत सुटला होता. परत फिरायच्या आत तोही बाद. तीन बेसवर तीन माणसे, आणि धाव शून्य. मी बसलो. तेव्हा रोझॅन मैदानाकडे बघतच म्हणाली, "बेलिंगहॅमहून परत पत्र आलंय. लेबर डेच्या आत कळवा म्हणाले. ही शेवटची वेळ."

"मग?"

"मग काय? नाही म्हणणार."

"का? या खुर्च्यांसाठी? अगं, या बगळ्यांसाठी कोणी आयुष्य घालवतं का?"

"बाबा, मला या टीमचं काय पडलंय? आपल्या शॉर्टस्टॉपचं नावसुद्धा मला धड येत नाही."

मला वाटले माझ्या ऐकण्यात चूक झाली. एवढी वर्षे ती माझ्याबरोबर उठली होती, बसली होती, टोपी उलटी करून घालत होती.

"मग येतेस कशाला?"

"तू घरी बोलतोस का?" तिने आता माझ्याकडे बघितले. "सांग ना. आई गेल्यापासून घरी तू 'हं' म्हणतोस, नाहीतर 'दूध संपलं' म्हणतोस. आणि इथे येऊन बसलास की तिसऱ्या-चौथ्या इनिंगला तुझं तोंड उघडतं. आई कशी हसायची, तुमचं भांडण झालं की ती बशा कशा आपटायची, मी झाले त्या दिवशी तू कुठे पाइप जोडत होतास. एकदा सुरू झालास की थांबत नाहीस. मी त्याच्यासाठी येते. तू आहेस तोवर येणार."

"आणि मी नसेन तेव्हा?"

"मग जाईन की."

आमच्या सेक्शनच्या मिसेस ओपल गिडन्स फडके घेऊन समोरची कोरडी खुर्ची पुसत होत्या. माणसे जागेवर बसवणे आणि खुर्च्या पुसणे हे त्यांचे काम. मी लग्न करून व्हिल्माला पहिल्यांदा घेऊन आलो तेव्हा त्यांनीच आम्हाला बसवले होते. त्या ती खुर्ची फार वेळ पुसत राहिल्या.

त्या रात्री मला कळले की जूनचे मृत्युपत्र कुचकामी आहे. मी मेल्यावर खुर्च्या कोणाला मिळतात याने काहीच बदलत नाही. माझी मुलगी खुर्च्यांची वाट बघत नाही. ती मी जायची वाट बघत थांबली आहे, आणि हे तिच्या मनातही नाही, ती माया आहे. पण हिशेब तोच होतो. पत्राचे उत्तर लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, आत हवे, आणि तोवर मी मरेन याची काही खात्री नाही. मी हेरन्सचा माणूस आहे, वेळेवर काही घडवून आणण्याची मला सवय नाही.

मृत्युपत्राने जे होत नाही ते जिवंतपणीच करावे लागते. मला आता गाडी चालवता येत नाही. सकाळी मी समोरच्या घराची पायरी चढलो आणि दार वाजवले. चेस्टरने दार उघडले. बनियनवर होता.

"गाडी काढ, चेट," मी म्हणालो.

त्याने मागे वळून घरात बघितले. मग म्हणाला, "माझ्याशी बोलताय?"

"मागे दुसरं कोणी उभं आहे का?"

गाडीत तो सगळा रस्ता बोलत होता. पंचवीस वर्षांचे साठलेले होते, त्याचा गुडघा, त्याची बस, त्याची मांजर, सगळे एकदम. स्टेडियमच्या कार्यालयापाशी थांबलो तेव्हा मी त्याला सांगितले की खुर्च्या सोडायला आलो आहे. त्याने चावी फिरवून इंजिन बंद केले.

"दाजी, आत्ताच? अजून सप्टेंबर बाकी आहे ना."

"तिला इथून हलवायचं आहे."

"आणि ती गेल्यावर तुमच्याजवळ कोण?"

"तू आहेस की समोर."

चेस्टरने चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा घातला. मग उतरून माझ्या बाजूचे दार उघडले आणि मला दंडाला धरून आत नेले. कार्यालयातली मुलगी बिचारी चांगली होती. म्हणाली, "एकदा परत दिल्यात की मिळायच्या नाहीत, सर. हंगाम तरी पुरा करा." मी म्हणालो, "हंगाम मला ठाऊक आहे." मग सही केली.

तेव्हा या खुर्च्यांची व्यवस्था करण्याचे काम आता उरलेले नाही. सदर कलम केवळ माहितीसाठी आहे.

रोझॅनला मी संध्याकाळी सांगितले. ती चिडली. इतकी चिडलेली मी तिला पाहिली नव्हती.

"मला विचारलंस?"

"नाही."

"माझी जागा होती ती!"

"तुझ्या आईची होती."

"आणि आता आपण बोलायचं कुठे?"

"फोनवर," मी म्हणालो.

"फोनवर तू 'हं' म्हणतोस!"

"शिकेन."

तिने दार आपटले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. मग मला तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला, कामावरचा, ठाम, 'हो' आणि 'नक्की' म्हणणारा. आत येऊन ती म्हणाली, "पंधरा सप्टेंबरला हजर व्हायचंय. झालं तुझं समाधान?"

"नाही," मी म्हणालो. खरे तेच सांगितले. ती जावी असे मला वाटते आणि ती जाऊ नये असेही वाटते, आणि दोन्ही तितकेच वाटते. मृत्युपत्रात परस्परविरोधी इच्छा लिहिल्या तर दोन्ही बाद होतात, असे वकीलबाई म्हणतात. म्हणून मी एकच लिहितो. तिने जावे.

कलम ७. रोझॅनविषयी कोणी काय बोलावे

हे कलम मी लिहिणार नव्हतो. पण परवा मिसेस गिडन्स भेटायला आल्या. मी त्यांना आमच्या दोन्ही बसायच्या उशा दिल्या, हयातीतच, कारण साक्षीदार व्हायचे तर मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. त्या म्हणाल्या, "हुडाक, तुम्हाला एक सांगते, रागावू नका. सेक्शनमध्ये बोलायला लागलेत लोक. म्हणतात, बापाचं काही खरं नाही आणि पोरगी चालली समुद्रावर."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणाले, आपापल्या खुर्च्या बघा. पण मी किती जणांना म्हणणार?"

बाहेरच्या माणसाला यातला डंख कळणार नाही. आमच्या स्टेडियममध्ये खेळ संपायच्या आत, गाड्यांची गर्दी टाळायला म्हणून कोणी उठला, की सगळा सेक्शन त्याच्याकडे वळून 'पळपुटा' म्हणून ओरडतो. मीही ओरडलो आहे. बारा धावांनी हरत असलो तरी शेवटचा माणूस बाद होईपर्यंत बसायचे, एवढा एकच मान आमच्यापाशी उरला आहे. तो आम्ही कोणाला सोडू देत नाही. तेच लोक माझ्या दफनाला येतील, माझे कोबीचे रोल खातील आणि माझ्या मुलीकडे, किंवा ती पोचली नसेल तर तिच्या रिकाम्या जागेकडे, त्याच नजरेने बघतील.

म्हणून माझा असा आदेश आहे की जेवण वाढण्याआधी हे कलम मोठ्याने वाचावे. वकीलबाईंनी वाचावे, त्यांचा आवाज स्पष्ट आहे. खरे सांगायचे तर सगळे मृत्युपत्र मी या कलमासाठीच केले आहे. बाकीचे चार ओळींत झाले असते.

मी, एमिल हुडाक, शुद्धीवर असताना जाहीर करतो की माझी मुलगी मला सोडून गेली नाही. तिला मी पाठवले. ती राहायला तयार होती, तिने तसे तोंडावर सांगितले होते, आणि मी तिच्या पायाखालची जागा काढून घेतली. ती उठून गेली नाही, मी तिला उठवले. याचा कोणाला राग काढायचा असेल तर तो माझ्यावर काढावा, मी कुठे सापडेन ते कलम एकमध्ये दिले आहे.

ती माझ्याजवळ नसताना मी गेलो, तर तू असायला हवी होतीस असे तिला कोणीही म्हणू नये. तिनेही स्वतःला म्हणू नये. दफन तिच्यासाठी थांबवू नये. आणि त्या दिवशी तिच्या बोटीवर माणसे असतील, तर तिने आधी ती पलीकडच्या किनाऱ्याला नीट उतरवावीत.

एमिल जोसेफ हुडाक (सही)

वरील मजकूर एमिल हुडाक यांनी मेपल स्ट्रीटवरील आपल्या स्वयंपाकघरात आम्हा दोघांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचला आणि आमच्यादेखत सही केली. वाचताना ते दोनदा थांबले आणि पाणी प्यायले. त्यांनी मजकुरात काही बदल केला नाही. त्यानंतर त्यांच्या आणि एकमेकांच्या समक्ष आम्ही सह्या केल्या. या मृत्युपत्रातून आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार
१. चेस्टर बर्टा, निवृत्त बसचालक, मेपल स्ट्रीट, पोर्ट अ‍ॅडलर (सही)
२. श्रीमती ओपल गिडन्स, प्रेक्षागृह सेविका, सेक्शन बारा, राहणार हार्बर रोड, पोर्ट अ‍ॅडलर (सही)

स्थळ: पोर्ट अ‍ॅडलर, ओहायो
दिनांक: ३० ऑगस्ट २०१९